निर्मळचे टेबल

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून निर्मळचा रस्ता धरला, की इमारतींची गर्दी हळूहळू विरळ होते आणि कुंपणांवरून केळीची पाने डोकावू लागतात. तळ्याकाठचे हे गाव पुराणप्रसिद्ध. परशुरामाने विमलासुराला मारले ते याच भागात, अशी कथा. शंकराचार्यांची समाधीही भाविक येथे दाखवतात. कार्तिक वद्य एकादशीला, दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच, येथे जत्रा भरते. गावात होली क्रॉस चर्चही आहे. जत्रेतल्या खरेदीला मात्र हिंदू-ख्रिस्ती असा भेद नाही. सुकेळी तर दोघांच्याही पिशवीत असतात!

आम्ही गेलो होतो ते जत्रेसाठी नव्हे, एका टेबलासाठी. परिचयातील एका मावशींचे कौलारू घर पाडून तेथे मुलगा नवे घर बांधणार होता. जुने सामान ओसरीवर काढून ठेवले होते. त्यात दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एका खणाचे सागवानी टेबल होते. भंगारवाल्याने त्याचे दीडशे रुपये सांगितले होते. मावशी म्हणाल्या, "पैशाचं काय घेऊन बसलात? या टेबलावर माझ्या तिन्ही पोरी शिकल्या. तो फोडून जाळील, म्हणून जीव होत नाही द्यायला."

आम्ही त्याचे ऑटोमन करणार, असे सांगितल्यावर त्या गोंधळल्या. पाठ नाही, हात नाहीत, वर गादी, अशी ही ठेंगणी बैठक. हे नाव तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यावरून युरोपात रुजले आणि तेथून आपल्याकडे आले. आपल्या चौरंगाला गादी शिवली, की झाले! मावशी एवढेच म्हणाल्या, "पाय कापाल, हरकत नाही. खण तेवढा ठेवा." खणाच्या तळाशी पेन्सिलीने केळीच्या घडांचा हिशेब लिहिलेला होता. अक्षर त्यांच्या यजमानांचे.

टेबलाची उंची एकोणतीस इंच. बसायला सोळा-सतरा इंच पुरतात आणि गादीचे तीन इंच धरावे लागतात. म्हणजे लाकूड चौदा इंच राहिले पाहिजे. पायांचा खालचा भाग दर पावसाळ्यात ओल धरून कुजला होताच, तो कापण्यात गेला. वरची चौकट, सांधे आणि खण यांना करवत लागली नाही. पाय मात्र कापण्याआधी एकाच मापाच्या पट्टीने आखून घ्यावेत. नजरेच्या अंदाजाने कापले, तर डुलणारी बैठक पदरी पडते आणि मग एकेक पाय तासता तासता तिचा पाट होतो.

सुताराने फळीला गिरमिटाने आठ-दहा भोके पाडली, म्हणजे माणूस बसल्यावर गादीतली हवा निघून जाते. त्यावर काथ्याचा दोन इंची थर, त्यावर पिंजलेला कापूस, मग मांजरपाट आणि शेवटी जाड कापड. कापड ओढताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर चुका ठोकाव्यात आणि मध्याकडून कोपऱ्यांकडे जावे. कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर कापड तिरपे ओढले जाऊन मधे सुरकुती राहते. कोपऱ्यांच्या चुण्यांना घाई चालत नाही. आमच्या गादीवाल्याने एक कोपरा तीनदा उसवला.

खर्च, खोटे कशाला सांगा, नव्या बैठकीएवढा आला. घरच्या मंडळींनी तो ऐकून भुवया उंचावल्या. पण बाजारातल्या नव्या बैठकीत काथ्याऐवजी फोम आणि सागाऐवजी भुसा दाबून केलेली फळी असते, हे त्यांना सांगूनही उपयोग नव्हता.

पुढे मावशी लेकीकडे मुंबईला आल्या, तेव्हा आमच्याकडेही डोकावल्या. बैठकीवर बसल्या नाहीत. जमिनीवर बसून त्यांनी खण बाहेर ओढला, आतली वर्तमानपत्रे बाजूला केली, आणि तो उलटा करून हिशेब मोठ्याने वाचू लागल्या.