सोवळं आणि पान्हा

पहाटेच्या देवघरात आधी समईचा उजेड यायचा आणि मग आजोबांच्या मुकट्याची सळसळ. तांबूस रेशमाचं ते वस्त्र उंच दांडीवर वाळत असायचं, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीनंच वर चढवलेलं आणि काठीनंच उतरवलेलं. ते नेसून आजोबा पाटावर बसले की चुण्याचुण्यांवरून ज्योतीचा उजेड घरंगळत खाली यायचा, आणि चंदन, कापूर, ओल्या प्राजक्ताच्या वासात मला वाटायचं, या वस्त्राला जगातलं कुठलंच पाप कधी शिवलेलं नाही. सुती धोतर चटकन विटाळतं, रेशीम विटाळत नाही, असं आजोबा म्हणत.

रेशमाचा जन्म मी पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, बीडकडच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये. मांडणीवर तुतीचा हिरवा पाला, पाल्यावर राखी-पांढऱ्या अळ्या. आम्ही बोलायचं थांबलो तेव्हा शेडभर त्यांच्या खाण्याचा आवाज भरून राहिला, केळीच्या पानांवर भुरभुर पाऊस लागावा तसा. चार वेळा कात टाकलेली अळी एके दिवशी खाणं थांबवते, मान उचलते आणि डोकं वेळावत वेळावत स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळू लागते. हजार मीटरच्या आसपास लांब, कुठे गाठ नाही, कुठे जोड नाही, आणि त्या धाग्याच्या आत, अंधारात, ती आपलं जुनं शरीर विरघळवून पंख घडवत बसते. पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो, धागा तुटतो. म्हणून त्याआधीच कोशांना वाफ देतात.

पंख आतच राहतात.

त्या शेतकऱ्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. जिथे पावसाचा भरवसा नाही त्या मराठवाड्यात एक-दोन एकर तुतीनं घरात पैसा येऊ लागला आहे, जालन्यात कोशांचा बाजार भरू लागला आहे. “आत जीव आहे, ते कळतं की,” तो म्हणाला आणि पाल्याची पुढची फांदी पसरू लागला. हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या फुटक्या कोशांचं सूत काढून कापड विणवलं. ते अहिंसा रेशीम म्हणून विकलं जातं. मन तिथे क्षणभर विसावतं. पण बाहेर पडलेला तो पतंग उडत नाही. हजारो वर्षं पाळून माणसानं त्याचं उडणंच काढून घेतलं आहे. पंख फडफडवत तो जागच्या जागी फिरतो, जोडीदार शोधतो आणि काही दिवसांत संपतो. त्याचा मृत्यू आपण टाळला. त्याचं आकाश आपल्याला परत देता आलेलं नाही.

आजोबांच्या घरात मांस कधी शिजलं नाही. दूध मात्र देवाच्या अभिषेकापासून रात्रीच्या पेल्यापर्यंत सगळीकडे होतं. तिन्हीसांजेला आजी चरवी घेऊन गोठ्यात जायची आणि मी तिच्या पदराला धरून मागे. शेणाचा, ओल्या कडब्याचा, आंबोणाचा तो ऊबदार वास. वासरू सोडलं की ते आधी आईच्या कासेला ढुशी द्यायचं, चार घोट लुचायचं, आणि गाईचं सगळं अंग सैल व्हायचं, डोळे अर्धे मिटायचे. पान्हा फुटायचा. मग आजी वासराला ओढून गाईच्या पुढ्यात बांधायची आणि चरवीत पहिली धार वाजायची. गाय वासराला चाटत राहायची आणि दूध आमच्यासाठी येत राहायचं. आईपणाच्या त्या ओलाव्यात आम्ही वाटेकरी होतो. निदान वासरू तिथे होतं, ओलं, उबदार, जिवंत.

शेजारच्या गोठ्यात एकदा म्हशीचं रेडकू मेलं. दोन दिवस ती हंबरत राहिली, वैरणीला तोंड लावेना, दूध देईना. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर तिचंच रेडकू ठेवलं गेलं: कातडं सोलून, आत पेंढा भरून, चार काटक्यांवर उभं केलेलं. म्हशीनं ते हुंगलं. मग ती ते चाटू लागली, कानामागे, मानेवर, पोटाशी, अगदी मन लावून. आणि तिला पान्हा फुटला.

अजून कधी दुधाचा पेला हातात घेतला की ती खरखरीत जीभ त्या कोरड्या कातड्यावरून फिरताना मला ऐकू येते. आता बऱ्याच गोठ्यांत पेंढ्याचीही गरज उरलेली नाही, इंजेक्शनची सुई आहे. नर रेडकाला दूध पाजणं परवडत नाही म्हणून ते उपासानं वाळत जातं, आणि त्याच्या नावाची नोंद कुठेच नसते.

कलकत्त्यातले गवळी गाईला दूध सोडायला लावण्यासाठी जे क्रूर प्रकार करत, त्यांविषयी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचलं. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना ते इतके आजारी पडले की मृत्यू समोर दिसू लागला. मुंबईत डॉक्टरांनी सांगितलं, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. कस्तुरबा उशाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, व्रत घेताना तुमच्या मनात तर गाई-म्हशीचं दूध होतं, शेळीचं चालेल. ते शेळीचं दूध प्याले आणि जगले. मला त्या प्रसंगाच्या पुढचं जास्त जवळचं वाटतं: आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं की व्रताचे शब्द पाळले गेले, आत्मा नाही, आणि ही गोष्ट आपल्याला टोचत राहते. जगण्याची ओढ त्यांनी मान्य केली, पण स्वतःला निर्दोष ठरवलं नाही.

सेवाग्रामला दुपारी, कौलांवर ऊन तापत असताना, बापूकुटीच्या सारवलेल्या गारव्यात बसलं की हे टोचणं आजही त्या मातीत मुरलेलं जाणवतं. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, आपल्या मरणानं मेलेल्या जनावरांच्याच कातड्याचं. पायातली वहाण कुणाच्या मानेवर सुरी ठेवून आलेली नसावी, एवढाच त्यामागचा ध्यास. मला तो ध्यास फार प्रिय आहे. तरी तिथे बसल्या बसल्या मन महाडकडे जातं. १९२७ मध्ये तिथेच बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं पुढे ज्या गावांत ठरलं, त्यातल्या कित्येक गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गाय जिवंत असेतो तिचं दूध एका आळीत आणि मेली की तिचं धूड दुसऱ्या आळीत, अशी आपण वाटणी केली होती. दूध पिणारा पवित्र राहिला. तिचं कातडं कमावून त्याच्याच मोटेला, त्याच्याच पखवाजाला, त्याच्याच पायाला पुरवणारे हात विटाळाचे ठरले. जनावराविषयीची करुणा या माणसांपर्यंत पोचत नसेल तर ती मला अर्धवट वाटते.

मासळीच्या टोपलीवर वाढलेली कोळ्याची मुलं, शेळी विकून फी भरणारी धनगराची लेक, यांच्यासमोर शाकाहाराचा ताठा मिरवावा असं मला कधी वाटलं नाही. त्यांना निदान आपल्या ताटामागचा जीव ठाऊक असतो, त्याचे डोळे त्यांनी पाहिलेले असतात. सोवळं मात्र ते डोळे दिसू देत नाही. ते दांडीवर उंच टांगलेलं असतं, आणि खाली चुलीवर कोश उकळत असतो. मी रेशीम विकत घेत नाही. दूध फार कमी केलं आहे, सोडलेलं नाही. या उरलेल्या दुधाला माझ्याकडे समर्थन नाही, आणि ते मी शोधतही नाही. टोचणं थांबावं असं मला वाटत नाही.

तुमच्या गावात किंवा शहराच्या कडेला कुठेतरी गोठा असेलच. एकदा धारेच्या वेळी तिथे जा, घरातल्या मुलांनाही न्या. म्हशीच्या पुढ्यात काय आहे ते बघा, नर रेडकांचं काय होतं ते मालकाला नीट, त्याचा अपमान न करता विचारा. दुधाला काय भाव मिळाला तर त्याला ती जगवता येतील, हेही विचारा. मग काय प्यायचं, किती प्यायचं आणि त्याचे किती पैसे द्यायचे, ते ठरवा.