बाबांची ट्रेंडलाइन

एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकाने हा उद्योग कधी ना कधी केलेला असतो. आकडे भरायचे, स्कॅटर चार्ट काढायचा, एखाद्या ठिपक्यावर राइट क्लिक करून ‘अ‍ॅड ट्रेंडलाइन’ म्हणायचं. क्षणात ठिपक्यांमधून रेघ जाते. दोन चौकटींत टिक केलं की रेघेचं समीकरण मिळतं आणि आर-स्क्वेअर नावाचे मार्कही. हे मार्क १ च्या जितके जवळ, तितकी रेघ ठिपक्यांना चिकटलेली. सेल्सच्या प्रेझेंटेशनमध्ये ०.९८ दिसलं की बॉस एकदम खूश!

आमच्या घरात सध्या अशा रेघेवरून वाद पेटलाय, पण तो बाबांच्या क्रिएटिनिनचा.

बाबांची किडनी हळूहळू थकतेय. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आतापर्यंतचे सात रिपोर्ट: १.९, २.०, १.९, २.२, २.१, २.४, २.३. न्यू जर्सीतल्या दादाने हे आकडे एक्सेलमध्ये टाकले, सरळ रेघ मारली आणि व्हॉट्सअ‍ॅप केली. आम्ही दोघांनी धोक्याची खूण म्हणून ५ हा आकडा धरलाय. तिथे पोचायला त्याच्या रेघेला आठ वर्षांहून जास्त लागतात. ‘टेन्शन नॉट. गुहागरला घर बांधायचंय ना त्यांना? बांधू देत.’

दादा इंजिनिअर, मी मास कॉमवाली. गणितावर बोलायचा हक्क कुणाला, हे वेगळं सांगायला नको. तरी मी तो मेनू उघडून बसले. लिनिअर, एक्स्पोनेन्शियल, पॉलिनॉमिअल... उडप्याच्या कार्डासारखी यादी. पॉलिनॉमिअलची ऑर्डर ६ केली. क्या बात! रेघ सातही ठिपक्यांना शिवून गेली, आर-स्क्वेअर चक्क १. तिला एक घर पुढे ढकललं, तर बाबांचं पुढचं क्रिएटिनिन निघालं उणे १०! रक्तातली गोष्ट उणे कशी असेल? पण त्या समीकरणात सात आकडे मर्जीने बसवता येतात आणि आपले ठिपकेही सातच. न जुळून सांगतात कुणाला!

१९५३ साली फ्रीमन डायसन आपले आलेख घेऊन एन्रिको फर्मीकडे गेला होता. प्रयोगाशी झकास जुळणारे. फर्मीने विचारलं, मर्जीने बसवलेले आकडे किती? चार. त्यावर फर्मीने त्याला जॉन फॉन नॉयमनचा टोमणा ऐकवला: चार आकडे दिले तर तो हत्ती बसवून दाखवतो, पाचवा दिला तर सोंडही हलवतो.

मला खरी वाट दाखवली ती एका डॉक्टर मैत्रिणीने. म्हणाली, क्रिएटिनिन नको, एक भागिले क्रिएटिनिन घे आणि त्यातून सरळ रेघ मार. ही युक्ती १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली होती. स्नायूंमधून क्रिएटिनिन साधारण एकाच वेगाने तयार होतं. म्हणून किडनीची गाळण निम्मी झाली की रक्तातला आकडा साधारण दुप्पट होतो. गाळण एकाच वेगाने घटत राहिली, तर तो आकडा आधी सावकाश आणि मग भसकन चढतो. या रेघेने ५ गाठायला घेतली तीन वर्षं आणि वर थोडं.

आणि दोन्ही रेघांचा आर-स्क्वेअर? ०.७६ आणि ०.७६! सॉफ्टवेअरच्या लेखी दोघी सारख्याच मार्कांनी पास. आपण दिलेल्या साच्यात ते आकडे बसवून देतं, बस्स. साचा कुठला, हे किडनी कशी चालते त्यावरून ठरवायचं. आपल्याला कुठली रेघ बरी वाटते त्यावरून नव्हे.

‘सात ठिपक्यांवर तुझी तरी कुठे भरवशाची?’ इति दादा. तेही खरंच. २.४ वाला रिपोर्ट मे महिन्यातला. बाबा उन्हातून प्रवास करून आलेले, पाणी कमी प्यायलेले. अशाने आकडा चढू शकतो. तो एक ठिपका खोडला की माझी तीन वर्षं चारच्या जवळ सरकतात. पण आठ काही होत नाहीत.

माझा घराला विरोध नाही. मला ते मोठ्या हॉस्पिटलजवळ हवंय, कारण डायलिसिस लागलं तर साधारण आठवड्यातून तीनदा जावं लागतं. बाबांना मात्र समुद्र दिसायला हवाय.

किडनीच्या डॉक्टरांनी दोन्ही चार्ट पाहिले, लॅपटॉप बाजूला सारला आणि बाबांना विचारलं, ‘पापड-लोणचं बंद केलंत का?’ बाबा आईकडे बघायला लागले.

आठव्या ठिपक्यासाठी लॅबचा मुलगा शनिवारी सकाळी सातला येणार आहे. तोवर दादाने कॉन्ट्रॅक्टरचा अ‍ॅडव्हान्स थांबवलाय.