शिट्टी, खडखड आणि भोंगा

गाडीतून शिट्टी यायला लागली आणि घाटात ओढ कमी पडली, की ‘टर्बो गेला’ असं मनाशी ठरवूनच माणूस गॅरेजात येतो. बहुतेक वेळा कुणीतरी त्याला तसं सांगितलेलंही असतं. आमच्या धंद्यात तसं सांगणं सोपं असतं, कारण नवा टर्बो बसवला की आवाज काही दिवस तरी बंद होतो आणि बिलही मोठं होतं. मला हे पटत नाही. मी आधी विचारतो, आवाज येतो कधी? गाडी थंड असताना की तापल्यावर? पेडल दाबताना की सोडताना? चढावर जोर लागतो तेव्हाच, की जागेवर उभी असतानाही? एवढं नीट कळलं, की अर्धं निदान एकही नट सैल न करता होतं.

टर्बो पूर्ण मुका असावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही मूळ कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशीने १९०५ साली पेटंट घेतलं तेव्हापासून ती बदललेली नाही. आजच्या छोट्या पेट्रोल टर्बोचा शाफ्ट पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एका बाजूला नऊशे अंशांच्या वर तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मधला शाफ्ट बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू बारीक शिट्टी घालणारच. हौसेने उघडा एअर फिल्टर बसवला, की मूळ डब्यात दबलेली ही शिट्टी मोकळी होते आणि मालक घाबरतो. तिथे बिघाड काहीच नसतो.

बिघाडाचे आवाज वेगळे असतात. जोर लावला की ‘फुस्स’ होतं आणि गाडी ओढत नाही, पण जागेवर रेस केली तर फारसं काही ऐकू येत नाही, असं असेल तर आधी इंटरकूलरचे होज बघायचे. दाबाची हवा जिथून निसटते तिथे तेलाचा ओला डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. तो काळा पट्टा बोटाला लागला, की बऱ्याचदा सैल क्लिप किंवा चिरलेलं रबर सापडतंच. नाही सापडलं, तर आत धूर सोडून बघायचा. सकाळी थंड इंजिनावर ‘टक टक’ आणि तापल्यावर कमी, तर एक्झॉस्टच्या गॅस्केटपाशी काजळी शोधायची; धातू तापून फुगला की फट मिटते. पेडल सोडल्यावर किंवा अगदी हलकं दाबल्यावर पत्रा वाजल्यासारखी खडखड आणि जोर लावला की गप्प, हे वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर चक्राला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, झिजलेल्या सांध्याचं लक्षण. दोन लिटरच्या टीएसआय इंजिनांत ही खडखड नेहमी भेटते. शाफ्ट आणि बुश बहुधा ठणठणीत असतात, आणि पुष्कळदा सांध्यावर स्प्रिंगची क्लिप बसवून काम भागतं.

खरोखर मरणाऱ्या टर्बोचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. बूस्ट चढेल तसा गिरणीच्या भोंग्यासारखा चढत जातो आणि पेडल सोडलं की उतरतो. तो ऐकायला मी गाडी डिव्हायडरच्या किंवा बोगद्याच्या भिंतीलगत चालवायला सांगतो, काचा खाली करून. भिंतीवर आपटून आलेला आवाज बॉनेटखालच्या बाकीच्या गोंगाटातून वेगळा होतो. स्कॅनर मी लावतो, पण त्याचा शब्द शेवटचा मानत नाही. पी०२९९ हा कोड हवेचा दाब कमी पडतोय एवढंच सांगतो. का कमी पडतोय, ते त्याला ठाऊक नसतं.

मग हाताची परीक्षा. इंजिन बंद, पूर्ण थंड. हवेचा पाइप काढायचा, टॉर्च मारायची आणि चक्राच्या मधला नट दोन बोटांत धरायचा. वर-खाली थोडं हललं तर बिचकायचं नाही. बुशमधलं तेल ओसरलेलं असतं, त्यामुळे तेवढा प्ले असायचाच. मात्र आत-बाहेर ओढून बघताना बोटाला काहीही जाणवता कामा नये. जाणवलं तर थ्रस्ट बेअरिंग झिजलं. मग पात्यांच्या कडा बघायच्या आणि त्यांच्याभोवतीच्या घराच्या भिंतीवर घासल्याची चमकदार रेघ आहे का ते बघायचं. पाइपात तेलाचा हलका थर चालतो, इंजिनाच्या श्वासाबरोबर तेवढं तेल येतंच. तेलाचं तळं चालत नाही.

एका तरुणाने आणलेली जुनी ऑक्टेव्हिया आरएस या परीक्षेत नापास झाली. त्या आरएसचं एक पूर्णांक आठ लिटरचं टर्बो इंजिन हौशी लोक अजून जिवापाड सांभाळतात. चक्र आत-बाहेर स्पष्ट हलत होतं, रेघ होती आणि सुरू करताना निळा धूर येत होता.

“मेस्त्री, टर्बो तर मागच्याच वर्षी नवा टाकलाय,” तो म्हणाला.

“मग टर्बो नंतर बघू,” मी म्हणालो. “आधी त्याला मारतंय कोण ते शोधू.”

वर्षात दुसरा टर्बो मेला, तर टर्बोला दोष देण्यात अर्थ नसतो. बाहेरून कचरा आत जावा लागतो, नाहीतर तेल पोहोचायचं थांबावं लागतं. पाती शाबूत होती, म्हणजे कचरा नव्हे. या इंजिनाला तेलाचा चिखल होण्याची खोड आहे. ठरवलेल्या दर्जाचं सिंथेटिक तेल वेळेवर बदललं नाही, की ती हमखास उफाळते. आम्ही इंजिनाखालचा तेलाचा डबा खाली उतरवला. तळाला काळी जेली, आणि पंपाच्या चाळणीची जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. टर्बोला तेल देणारी नळी एक्झॉस्टच्या उष्णतेजवळून जाते. तिच्यात जळलेल्या तेलाचा कडक थर बसला होता. टॉर्च एका तोंडाला धरली तर दुसऱ्या तोंडाला टाचणीएवढा उजेड. गेल्या वर्षी कुणी डबा उघडला नव्हता, नळीही बदलली नव्हती. नवा टर्बो त्याच उपासमारीवर बसवला होता. हे बघून मला चीड आली. त्या पोराचे पैसे गेले होते आणि दोष मात्र त्याच्या गाडी चालवण्याला दिला गेला होता.

डबा आणि चाळणी साफ केली. नळी धुऊन भागणार नव्हतं, ती नवीच घेतली. इंटरकूलर उतरवून त्यातलं तेल काढलं, नाहीतर नवा टर्बोही धूर काढतोय असं वाटलं असतं. टर्बो बसवताना तेलाच्या तोंडातून थोडं स्वच्छ तेल ओतून चक्र हाताने फिरवलं. इंजेक्टरचं कनेक्शन काढून, इंजिन पेटू न देता, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला. मगच इंजिन सुरू केलं आणि बराच वेळ रेस न करता तसंच चालू दिलं.

तेल एरवीपेक्षा फार लवकर बदलायला परत ये, असं त्याला सांगितलंय. सुटलेला चिखल पुन्हा चाळणीवर जमू शकतो. फिल्टर कापून कागदाची घडी उलगडून बघेन, आणि काळे खडे दिसले तर डबा पुन्हा उतरवावा लागेल.