मांडीवरचे मूल : खानदेश ते लेस्टर

धुळ्याहून मुंबईचे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. जळगावहून हेच अंतर सव्वाचारशेच्या आसपास भरते. आपल्याकडील कुटुंब परदेशी निघाले की घरात चर्चा विमानाची होते, सामानाच्या वजनाची होते, खाखऱ्याच्या डब्यांची तर फारच होते. सोबत वर्ष-दीड वर्षाचे लेकरू असेल, तर त्याला विमानात कान दुखतील का, ते रडेल का, ही चिंता आजीला आठवडाभर आधीपासून लागते. त्या लेकराला खरा धोका मात्र रस्त्यावर असतो. घरापासून मुंबईपर्यंतचा रस्ता आणि परक्या देशात विमानतळापासून नातलगांच्या दारापर्यंतचा रस्ता, या दोन टोकांचा विचार शेवटी होतो. पुष्कळदा होतही नाही.

मारवाडातून खानदेशात आलेल्या आपल्या पूर्वजांनी लेकरे मांडीवर घेऊनच वाट कापली. बैलगाडीच्या वेगाला मांडी पुरत होती. आजची गोष्ट निराळी आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतील प्रत्येक देहावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोचे होते. पन्नास किलोच्या चार पोत्यांना हातांनी कोण अडवू शकेल, हे अडत्याच्या घरात वेगळे सांगावयास नको. आईने स्वतःच्या पट्ट्यातच बाळाला गुंडाळून घेणे तर अधिकच घातक, कारण धडकेत आईचा सारा भार त्या कोवळ्या देहावर येतो. आणि हा हिशेब ५० च्या वेगाचा झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. धुळ्याहून नाशिकमार्गे निघालेल्या मोटारीला आता कसारा घाट टाळून बोगद्यातून जाता येते. सोय मोठी झाली, परंतु वेगही वाढला.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही दिवस मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघरी झाली. पुढे ती ओसरली. भाड्याच्या गाड्यांत मागचे पट्टे आजही सीट-कव्हरखाली दडपलेले असतात. गाडी ठरवतानाच ते वर काढून ठेवण्यास सांगावे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा वा बाल-आसन नसल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. दंडाची रक्कम किरकोळ आहे, म्हणून विषय किरकोळ मानू नये.

जमल्यास मुंबईपर्यंत रेल्वेने जावे, असे माझे मत आहे. जळगावकरांना रात्रीच्या गाड्या आहेत, धुळेकरांना चाळीसगाव जवळ आहे. मूल आडवे झोपते, आईलाही पाठ टेकता येते, आणि मध्यरात्रीच्या झोपाळू चालकाच्या भरवशावर राहावे लागत नाही. मोटारीनेच जाणे असेल, तर बाळाची कार सीट घरापासूनच सोबत असावी. बहुतेक विमान कंपन्या ती आणि बाबागाडी सामानाच्या वजनात धरत नाहीत. तरी तिकीट काढताना विचारून घ्यावे. ओझे होते, हे खरे. पण पाच किलो फरसाण नेणाऱ्या घराने ओझ्याची सबब सांगू नये!

विमानात दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसू शकते, म्हणून त्याचे तिकीट स्वस्त असते. त्याविषयी एक जुनी घटना सांगण्याजोगी आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परिचारिका जॅन ब्राउन यांनी पालकांना मुले पायांशी जमिनीवर ठेवण्यास सांगितले. चौघांपैकी एक दगावले. त्यानंतर ब्राउन यांनी वर्षानुवर्षे एकच आग्रह धरला, की प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन सक्तीचे करा. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने सक्ती नाकारली. त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे : तिकिटाचा खर्च वाढला तर कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून अधिक मुले प्राणास मुकतील. स्वतंत्र आसन आणि त्यावर कार सीट हीच सर्वांत सुरक्षित व्यवस्था, असा सल्ला मात्र तेच प्रशासन देते. ज्यांना परवडते त्यांनी ते आसन अवश्य घ्यावे.

कान दुखू नयेत म्हणून विमान उतरू लागताच बाळाला पाजावे किंवा चोखण्यास काही द्यावे; गिळण्याच्या क्रियेने कानातील दाब सुटतो. झोपेचे औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. जैन भोजनाची मागणी निदान एक दिवस आधी नोंदवावी, पण लेकराचे खाणे आपल्याजवळच हवे : मुरमुरे, मुगाच्या डाळीचे भाजलेले पीठ, मऊ खाखरा. ब्रिटनला जाताना तूप, पेढे, बर्फी नेऊ नये. तेथे भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. बाळाच्या दुधाची भुकटी व बालान्न यांना दोन किलोपर्यंत सूट आहे, मात्र वेष्टन बंद व नाममुद्रेचे असावे आणि उघडण्यापूर्वी पदार्थाला शीतकपाटाची गरज नसावी.

कागदपत्रांत एकच गोष्ट अडते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. नामकरण उशिरा झालेल्या घरांनी दाखल्यावर बाळाचे नाव चढले आहे ना, हे आधी पाहावे.

आता लंडन. हीथ्रोहून लेस्टर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे पुन्हा दोन-अडीच तासांचा रस्ता, तोही रात्रभराच्या जागरणानंतर. ब्रिटनमध्ये बारा वर्षे वा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला कार सीट बंधनकारक आहे. टॅक्सीला मात्र सवलत आहे : योग्य सीट नसेल, तर तीन वर्षांखालील मूल मागच्या बाजूस पट्ट्यावाचून बसू शकते. कायद्याने माफ केले म्हणून धडकेचा जोर कमी होत नाही. गाडी आगाऊ ठरवावी, बाळाचे वय, वजन व उंची कळवावी, आणि सीट बसवलेली दिसल्याशिवाय सामान चढवू नये. उंचीवर आधारित नव्या सीटमध्ये पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला ठेवणे तेथे सक्तीचे आहे. आपल्या आज्यांना हे विचित्र वाटते, पण त्यामुळे धडकेचा भार मानेवर न येता पाठीवर पसरतो.

टॅक्सी टाळण्याचाही मार्ग आहे. हीथ्रोहून पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला जाते, आणि तेथून लेस्टर रेल्वेने सव्वा तासाच्या आत येते. पाच वर्षांखालील मुलांना भाडे नाही.

लेस्टरचे जैन केंद्र हे एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभे राहिले आणि १९८८ मध्ये तेथील मंदिराची प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासींचा उपाश्रय एकाच छताखाली आहेत. आपल्या गावांत तीन गल्ल्यांत विखुरलेली मंडळी तेथे एकाच दारातून आत जातात. कोरीव खांबांच्या त्या दालनात रांगणारे मूल सोडून द्यावे. थंड फरशीवर ते मनसोक्त फिरते आणि कुणी हटकत नाही.

परतीच्या तिकिटाकडे मात्र लक्ष असू द्यावे. मुक्कामात बाळाला दोन वर्षे पूर्ण होत असतील, तर येताना त्याला स्वतंत्र आसनाचे तिकीट लागते. मुंबईत उतरल्यावर आणखी एक गोष्ट होते : घ्यायला काका, मामा, आत्या सारेच येतात आणि गाडीत कार सीटला जागा उरत नाही. त्यांना आधीच फोन करून सांगावे, की एकाने कमी या, किंवा दोन गाड्या आणा.