पाऊस पडला म्हणे

मी भाषा रचतो. नोकरी सुपा एमआयडीसीत, पाळ्यांची. पाळी सुटली की घरी येऊन वहीत क्रियापदांची रूपं बसवत बसायचं, हा माझा जुना नाद. ऐकणारा आधी विचारतो, "ही भाषा बोलतं कोण?" कुणीच नाही. "मग उपयोग काय?" या दुसऱ्या प्रश्नाला मी टोल्किन यांचं नाव सांगतो. ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक आयुष्यभर भाषा घडवत राहिले. त्यांच्या क्वेन्यावर फिनिशची छाया आहे, सिंदारिनवर वेल्शची. या भाषा बोलणारी माणसं कुठेतरी नांदायला हवीत, म्हणून त्यांच्या गोष्टी वाढत गेल्या. भाषा आधी, गोष्ट नंतर.

या छंदातले लोक रचलेल्या भाषेला कॉन्लँग म्हणतात. कलेच्या ओढीने केलेली ती आर्टलँग, आणि वेगवेगळ्या देशांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून केलेली ती ऑक्सलँग. दुसऱ्या प्रकारातली सगळ्यात यशस्वी एस्परांतो. वॉर्सामध्ये डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या झामेनहॉफ यांनी ती 1887 मध्ये छापून जगापुढे ठेवली आणि आजही ती बोलणारे लोक आहेत. आपल्याकडच्या पोरांना मात्र ‘बाहुबली’तल्या कालकेयांची किलिकी लगेच आठवते. ती मदन कार्की यांनी रचली. पडद्यावर नुसती आरडाओरड वाटते, पण तिला शब्द आहेत, व्याकरण आहे. हे सांगितलं की पोरांचे डोळे मोठे होतात.

दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर जमतात. त्यांना वाटतं, आपल्याला आधीच एक गुप्त भाषा येते. ती म्हणजे ‘च’ची भाषा. "तुझे नाव काय" याचं "चझेतु चवना चयका" करून ती एका दमात बोलतात, आणि सुप्याला जायचं असेल तर "चप्यालासु". ऐकायला मजा येते, पण ही वेगळी भाषा नाही. पहिलं अक्षर शेवटी गेलं, पुढे ‘च’ आला, आतली मराठी जशीच्या तशी. या छंदात पाऊल टाकणाऱ्याला समजावी लागणारी पहिली गोष्ट हीच, की संकेत वेगळा आणि भाषा वेगळी. महानुभावांची सकळ लिपीही संकेताचाच प्रकार. रवळोबासांनी ती सिद्ध केली असं मानतात. पंथाचे ग्रंथ शतकानुशतकं तिच्याआड राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली. किल्ली लागताच आतून काय निघालं? शुद्ध, रसाळ जुनी मराठी. लिपी नवी होती, भाषा आपलीच.

एका पोराने पुढची पायरी गाठली. वहीभर शब्द लिहून आणले. पाणी म्हणजे झुम, भाकरी म्हणजे तोका, मी म्हणजे दा. मग वाक्य केलं, "दाला झुम पाहिजे." मी त्याला विचारलं, "हा ‘ला’ इथे कुठून आला रे?" मराठीत पाणी ‘मला’ पाहिजे असतं. इंग्रजीत ‘मी’च कर्ता असतो. त्याच्या भाषेत तहान लागलेला माणूस वाक्यात कुठल्या जागी उभा राहणार, हे त्याने ठरवायचं होतं. जुन्या भाषेच्या सांगाड्यावर नवे शब्द चढवण्याला या छंदात रीलेक्स म्हणतात, आणि मेहनतीची सुरुवात तिथून पुढे होते. मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’साठी क्लिंगॉन रचताना मुद्दाम कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी ठेवला. माणसांच्या भाषांत हा क्रम फार क्वचित असतो, म्हणून परग्रहावरच्यांना तो दिला. असा एक निर्णय शंभर नव्या शब्दांपेक्षा मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या भाषेचं नाव सोरवा. तिचा पाया मला आमच्या पावसाने दिला. पारनेर तालुका पर्जन्यछायेत. जून-जुलैत इथे एकच चर्चा असते, पाऊस कुठे झाला. आणि ती बातमी सांगताना आमचा माणूस फार जपून बोलतो. "पडला" म्हणजे मी स्वतः पाहिला. "पडला असेल" म्हणजे ढग त्या अंगाला दिसले किंवा तिकडून आलेली गाडी ओली होती. "पडला म्हणे" म्हणजे कुणाकडून तरी ऐकलं, जबाबदारी माझी नाही. या ‘म्हणे’वर कुणी पेरणी करत नाही. तुर्की भाषेत अशा ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाला वेगळा प्रत्ययच लागतो, हे वाचलं तेव्हा मी वही पुढे ओढली. सोरवात ‘मीर’ म्हणजे पाऊस आणि ‘ताव’ हा पडण्याचा धातू. मीर तावो, मी पाहिला. मीर तावेश, खुणांवरून म्हणतो. मीर तावुम, ऐकलं. यातलं एक रूप निवडल्याशिवाय सोरवात भूतकाळातलं कुठलंच वाक्य पुरं होत नाही. कळलं कसं, ते लपवून बोलायची सोयच मी ठेवलेली नाही. बातमीची शहानिशा न करता ती पुढे ढकलण्याच्या या दिवसांत मला तो नियम फार आवडतो.

भाषा रचायला बसलं की आपल्या मराठीची श्रीमंती नव्याने दिसते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यात ऐकणारा सोबत आहे की नाही हे आपण एका शब्दात सांगतो. हिंदीच्या ‘हम’ला ते एकट्याने साधत नाही. "मुलगा भाकरी खातो" म्हणताना क्रियापद मुलाच्या मागे चालतं. तेच "मुलाने भाकरी खाल्ली" म्हटलं की ते भाकरीची बाजू घेतं. जगभरचे छांदिष्ट अशी रचना आपल्या भाषेत आणायला धडपडतात. आपली पोरं ती शाळेत जाण्याआधीपासून बोलतात.

"किती शब्द झाले की भाषा पूर्ण होते?" हाही नेहमीचा प्रश्न. आकड्यात उत्तर नाही. 2001 मध्ये आलेली टोकी पोना सव्वाशेच्या आसपास शब्दांवर चालते. या छंदातले लोक बायबलातली बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट आपल्या भाषेत उतरवून तिचा कस लावतात. मी सोरवाचा कस बाजारातल्या घासाघिशीवर लावतो, कारण तिथे माणूस मागतो, नाकारतो, खोटा राग आणतो, शेवटी हसतो.

ते बोलणं मी चुलत्यांकडून शिकलो. ते काष्टीच्या बैलबाजाराला जायचे. उपरण्याखाली सौदा करणाऱ्या दोघांचे हात एकमेकांत आणि वर तोंडाने भलतंच बोलणं चाललेलं. बोटं धरून भाव ठरायचा, शेजाऱ्याला पत्ता नाही. मोजणी विसांत. तीन विसा म्हणजे साठ. सोरवातली मोजणी मी तिथूनच घेतली. गोंधळ्यांची करपल्लवी त्याच जातीची, एकाने बोटांनी खुणावायचं आणि दुसऱ्याने वस्तूचं नाव सांगायचं. सोरवा माझ्यानंतर राहिली नाही तरी बिघडत नाही, ती वहीत आहे. ही बोटांची, दलालांची, भटक्या समाजांच्या घरातली बोली मात्र बहुतेक कुठे लिहिलेली नाही, आणि ती जाणणारी माणसं आता थकली आहेत. तुमच्या घरात, भावकीत असं कुणी असेल, तर त्यांच्या परवानगीने शेजारी बसा, मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवा, कुठलं बोट म्हणजे किती ते लिहून घ्या. घरचं गुपित बाहेर जाऊ नये असं ते म्हणाले तर ते घरातच ठेवा, पण लिहून ठेवा. येत्या सुट्टीत एवढं कराच.