पोटाखालची बाजू

आळंदीहून पुण्यास येणाऱ्या वाटेवर दिघी हे गाव आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी याच वाटेने जाते. येथील दत्तगडावर सकाळी चढावयाचे, असा अलीकडे आमचा परिपाठ आहे. परवा नातू बरोबर होता. अर्ध्या चढावर तो विचारता झाला, "आजोबा, अंडरबेली म्हणजे काय हो?" त्याच्या इंग्रजी पुस्तकात 'शहराची अंडरबेली' असा प्रयोग आला होता.

समास सोडविणे हा आमचा जन्माचा धंदा. 'उदराधोभाग' असे सांगताच तो हसू लागला. मग साध्या मराठीत सांगितले. जनावराची जमिनीकडील बाजू, ती अंडरबेली. मगरीची पाठ खवल्यांनी कठीण, पोट मऊ. म्हणून लक्षणेने दुबळे ठिकाण, आणि पुढे शहराची झाकलेली, ओंगळ बाजू. 'मर्मस्थान' म्हणावे, तर मर्म पाठीतही असते. 'दिव्याखाली अंधार' म्हणावे, तर त्यात मऊपणा कोठे? नेमका शब्द आम्हांस सुचला नाही.

दुबळे ठिकाण हा अर्थ गाजला तो चर्चिलसाहेबांमुळे. १९४२ च्या ऑगस्टात मॉस्कोस त्यांनी स्टालिनला मगरीचे चित्रच काढून दाखविले. जबड्याशी झुंजत असतानाच भूमध्य समुद्राकडून तिच्या मऊ पोटावर घाव घालू, असा त्यांचा बेत. १९४३ साली दोस्तांच्या फौजा इटलीत उतरल्या. पुढे डोंगरामागून डोंगर, नदीमागून नदी, आणि चिखल. ती मोहीम १९४५ च्या मेपर्यंत चालली. मराठा पलटणी तीत होत्या. माणगावाकडील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात, तुकडीतील बाकी सारे पडले असता, मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले. काडतुसे भरण्यास अवसर नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिने शत्रूस लोळविले, आणि तेथेच गोळ्या लागून त्यांचा अंत झाला. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीतून जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

"मग ते पोट मऊ कुठे होतं?" नातवाने विचारले.

या प्रश्नास शब्दकोशात उत्तर नाही. दिघीत मात्र लष्करासाठी पूल योजणारी, १९६२ साली स्थापन झालेली संशोधनसंस्था आहे. तेथील अभियंत्यांस ते ठाऊक असेल. दोन टेकूंवरील पुलावर भार आला म्हणजे वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. म्हणून स्लॅबमध्येही मुख्य सळया खालच्या अंगास घालतात.

गड उतरताना एका नव्या इमारतीत ते काम चालूच होते. सळयांखाली गवंडी सिमेंटचे लहान ठोकळे सारीत होता. खाली तळमजल्यात पत्र्याच्या आडोशाने कामकऱ्यांची बिऱ्हाडे होती. एक बाई चुलीपाशी भाकरी थापीत होती. नातू वाकून आत पाहू लागला. "आजोबा, पुस्तकातली ती हीच का?"

आम्ही त्यास हळू बोलण्यास सांगितले.