तिसरा सोबती

मुलांनो, तुम्ही कधी एकट्याने लांबचा प्रवास केला आहे का? गाडी सुटते, ओळखीचे चेहरे मागे राहतात आणि मनात धाकधूक सुरू होते. अशा वेळी कोणी सोबत असेल, तर केवढा धीर येतो! अशाच एका सोबत्याची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

माझे गाव संग्रामपूर. बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आहेत, तर दक्षिणेला पूर्णा नदी वाहते. आमची जमीन काळी, कपाशीची. पण जमिनीच्या पोटातले पाणी मात्र खारट! पूर्णेच्या दोन्ही बाजूंच्या या भागाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पीत आले. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार फार. पुढे वान धरणाचे गोडे पाणी नळाने अनेक गावांत पोहोचले. माझ्या लहानपणी मात्र ते नव्हते.

मी नववीत असताना अब्बांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात न्यावे लागे. तेथे यंत्राने त्यांचे रक्त शुद्ध करत. घरी लहान भावंडे होती, म्हणून अम्मी घरी राही आणि अब्बांसोबत मी जाई. फजरची नमाज झाली, की आम्ही एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभे राहत असू. शेजारच्या काकू भाकरीचा डबा हातात देत आणि म्हणत, “घाबरू नको बाबू, देव आहे पाठीशी.”

पहिल्या दिवशी मी कंडक्टरला म्हणालो, “दोन अकोला.” तेव्हा अब्बा हळूच माझ्या कानात म्हणाले, “बेटा, आपण दोघे नाही, तिघे आहोत. तिसऱ्याला तिकीट लागत नाही!”

मला काही कळले नाही. तेव्हा अब्बांनी मला इसवी सन 622 मधील हिजरतीची हकिकत सांगितली. पैगंबर हजरत मुहंमद (स.) आणि त्यांचे सोबती हजरत अबू बक्र मक्केहून मदिनेला निघाले होते. शत्रू पाठलाग करत होते. वाटेत दोघे सौर पर्वताच्या गुहेत थांबले. शत्रू गुहेच्या अगदी तोंडाशी आले. हजरत अबू बक्र यांना काळजी वाटू लागली. तेव्हा पैगंबरांनी त्यांना धीर दिला, की आपण दोघेच नाही, आपल्यासोबत अल्लाह आहे.

त्या दिवसापासून ‘तिसरा सोबती’ हा आमचा आवडता शब्द झाला. एकदा पावसाळ्यात पूर्णेला पूर आला आणि आमची गाडी पुलाअलीकडेच थांबली. अब्बांना धाप लागली होती. मी रडू लागलो. ड्रायव्हरने त्यांना लांब बाकावर निजवले. एका म्हातारीने आपली घोंगडी त्यांच्या अंगावर घातली. कुणीतरी आमच्यासाठी चहा आणला. तिसऱ्या प्रहरी पाणी ओसरले आणि आम्ही दवाखान्यात पोहोचलो. अब्बा म्हणाले, “पाहिलेस? तो माणसांचे हात घेऊन येतो.”

पण मुलांनो, त्याच हिवाळ्यात अब्बा आम्हांला सोडून गेले. मी फार रागावलो. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे लोक म्हणतात. मग माझ्या अब्बांना त्याने का तारले नाही? मी कोणाशी बोलेनासा झालो.

आमच्या मराठीच्या गुरुजींनी हे ओळखले. त्यांनी मला श्रीगोंद्याच्या शेख महंमद या संतकवींविषयी सांगितले. त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ लिहिला. संग्राम म्हणजे लढाई. माणसाची स्वतःच्या मनाशी चाललेली लढाई. गुरुजी म्हणाले, “तुझ्या गावाच्या नावातही संग्राम आहे. वडील गेले म्हणून तुझी लढाई संपली नाही. सोबती तुझी लढाई टाळत नाही. तो लढाईत तुझ्याजवळ उभा राहतो.”

मी पुष्कळ दिवस त्यावर विचार केला. हिजरतीची वाट सोपी नव्हती. सोबत मिळाली म्हणून ती वाट चुकली नाही, चालावीच लागली. अब्बांनीही कधी म्हटले नव्हते, की मी बरा होईन. ते एवढेच म्हणाले होते, की आपण एकटे नाही.

दहावी झाल्यावर मी शिकायला अकोल्याला निघालो. अम्मीने दारात उभे राहून “खुदा हाफिज” म्हटले. ‘ईश्वर तुझा रक्षक आहे’ हा त्याचा अर्थ त्या दिवशी मला खरोखर समजला. काकूंनी डबा दिला. गाडी पूर्णेच्या पुलाजवळ आली, तेव्हा कंडक्टर माझ्यापाशी आला. शेजारची जागा रिकामी होती. माझे डोळे भरून आले.

“एक अकोला,” मी म्हणालो आणि मनातल्या मनात म्हटले, ‘अब्बा, आम्ही दोघे आहोत. दुसऱ्याला तिकीट लागत नाही.’

मुलांनो, तुमच्याही वाटेवर कधी पूर येईल, कधी शेजारची जागा रिकामी होईल. तेव्हा घाबरू नका. आणि कुणी दुसरा एकटा बसलेला दिसला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. कदाचित त्या दिवशी त्याला तुमच्याच हातांची गरज असेल.